चिचटोल्यात सत्यशीलाची हवा

सत्यशीला उंदीरवाडे कुणाच्याही घरी गेली की आधी नाक वर करायची. घरातली बाई पाण्याचा गिलास घेऊन येईपर्यंत हिचं घर हुंगून झालेलं असायचं. मग खांद्याच्या पिशवीतून ती एक उदबत्ती काढायची, पेटवायची आणि दाराच्या चौकटीशी, चुलीजवळ, खाटेच्या उशाशी धरून मान वाकडी करून धुराकडे बघत राहायची. धूर आडवा पळाला की तिचा चेहरा खुलायचा. सरळ वर जाऊन आढ्याशी रेंगाळला की ती 'च्' करायची. एवढं झाल्यावरच खाली बसून चहाला हो म्हणायची.

सावली तालुक्यातल्या चिचटोल्यात या उदबत्तीचा जो अर्थ लागायचा तोच लागला. बापूराव कंडक्टरची पोरगी पुण्याहून आली ती घरात शिरलेलं काहीबाही ओळखते, अशी कुजबुज हातपंपावर सुरू झाली. पोरगी बौद्धाची, असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण विश्वास नसताना ओळखते म्हणजे विद्या पक्की असणार, असा निष्कर्ष निघाला. मग एका सकाळी कमळाबाई मोहुर्ले तिला हाताला धरून घरी घेऊन गेली. कमळाबाईची छाती भात्यासारखी वाजायची. दोन वाक्यं बोलली की तिला थांबावं लागे, आणि थांबायची तर तिला अजिबात सवय नव्हती.

"पाह्य व माय," ती दार लोटून घेत म्हणाली, "माह्या घरात काईतरी हाये. चूल पेटवली का छातीवर येऊन बसते. उठता उठत नाई."

सत्यशीलाने उदबत्ती लावली. धूर वर गेला, छपराच्या कवेलूंना टेकला आणि तिथेच पाहुण्यासारखा पसरून बसला.

"हाये," सत्यशीला म्हणाली.

"हाये ना! मी कवापासून सांगून राह्यली! कोण हाये?"

"धूर."

कमळाबाईचा चेहरा पडला. तिने मनात बरंच मोठ्या भुताचं नाव धरलं होतं. सत्यशीलाने काठी मागितली, चुलीच्या वरचे कवेलू सरकवून उभी फट पाडली, तिच्यावर पाऊस अडवायला एक कवेलू तिरपं टेकवलं आणि समोरच्या भिंतीतली, पोती कोंबून बुजवलेली खिडकी मोकळी केली. धुराने जरा विचार केला आणि तो फटीतून निघून गेला.

"बस? कोंबडं, नारळ काईच नाई?"

"चहा चालते."

दुसऱ्या दिवशी कमळाबाई हातपंपावर न थांबता चार वाक्यं बोलली. गावाला तेवढं पुरलं.

सत्यशीला मूळची इथलीच. बापूरावांनी आयुष्यभर एसटीत तिकिटं फाडली. आता निवृत्त होऊन घरी बसले होते, पण जीभ बसमध्येच राहिली होती. घरात दोन माणसं समोरासमोर आली की म्हणायचे, "पुढं सरका, पुढं जागा हाये." त्यांनी पोरीला नागपूरला घरबांधणीची आखणी शिकायला पाठवलं, तेव्हा नातेवाइकांनी विचारलं, "घरं तर मिस्त्री बांधते, हे शिकाले पाच वर्षं काहाले?" बापूराव म्हणाले, "मिस्त्री बांधते. माणसानं त्याच्यात मरू नये हे शिकाले पाच वर्षं लागते."

त्यांना स्वतःला ते बोलणं किती खरं आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

पुण्याच्या मोठ्या कचेरीत तिला पहिल्या दिवशी आडनाव दोनदा सांगावं लागलं. समोरच्याने हसू दाबलं, तेव्हा ती म्हणाली, "उंदीर जाऊ द्या, वाडे बघा. आम्ही पिढीजात तुमच्याच धंद्यातले." तिथे तिचं बरं चाललं होतं. श्रीमंत सोसायट्यांच्या प्रवेशद्वारातल्या बैठका ती आखायची. एकदा तर ताजं वाटावं म्हणून आत खोटा धबधबा बसवला होता. त्या धबधब्याचा नळ कुठून न्यायचा यावर चर्चा सुरू असताना बापूरावांचा फोन आला, की आईला चंद्रपूरला नेलंय.

आई गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीची तपासणी करून विचारलं, "बाई, बिडी किती वर्षं ओढता?" आईला एवढं हसू आलं की खोकल्याची उबळ आली. बिडीला ती जन्मात शिवली नव्हती. तिने चूल तेवढी सोडली नव्हती.

आई गेली. आलेगेले परतले तेव्हा सत्यशीला टेप घेऊन शाळेच्या स्वयंपाकाच्या टिनाच्या शेडमध्ये गेली. भिंती आतून तव्यासारख्या काळ्या. एकच खिडकी, तीही बंद. का बंद, तर खिडकी राइस मिलच्या बाजूला होती आणि उघडली की भांड्यांवर कोंड्याची पिवळी साय धरायची. म्हणजे आत धूर, बाहेर कोंडा, आणि मधे आई. सत्यशीलाने शेड मोजली, पुन्हा मोजली, आणि मोजायचं काही उरलं नाही तेव्हा टेप मांडीवर ठेवून भिंतीला टेकून बसली. बापूराव तिला शोधत आले. तिच्या पाठीला काजळी लागली होती. त्यांनी ती झटकायचा प्रयत्न केला, तर आणखीच पसरली.

"जाऊ द्या बाबा," ती म्हणाली. "मी पुण्याले परत नाई जात."

बापूरावांनी काजळीचा हात आपल्याच सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "बरं. उतरायचा थांबा हाच असंन, तर हाच."

तर त्यानंतर उदबत्ती, आणि उदबत्तीनंतर हॉल.

चिचटोल्याचं जुनं समाजमंदिर मिलच्या अगदी कुशीत होतं. धान निघालं की मिल दिवसभर चाले. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचा बॉयलर भुशावर पेटायचा आणि वाऱ्याबरोबर सगळं समाजमंदिरात यायचं. त्याच दिवसांत लग्नं. इथल्या लग्नात सासरी निघालेल्या मुलीच्या आधी पाहुणे रडायचे, तेही पहिल्या पंगतीपासूनच. त्या इमारतीच्या जागी नवा सामाजिक हॉल मंजूर झाला तेव्हा गावाला आनंद झाला. सर्वांत जास्त आनंद झाला गुणवंतरावांना. बांधकाम समितीचे अध्यक्ष तेच होते, आणि मिलही त्यांचीच.

गुणवंतराव वाईट माणूस नव्हते. कुणाच्याही दुःखात आधी त्यांची जीप उभी राहायची. फक्त त्यांना दोन गोष्टी प्राणापलीकडे आवडायच्या, काच आणि सिंह. त्यांनी आणलेल्या नकाशात हॉल म्हणजे एक बंद पेटी होती. सरकत्या काळ्या काचा, आत एसीची जागा आणि गेटवर दोन सिंह.

ग्रामसभेत सत्यशीला उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, एसी बंद पडला तर माणसं शिजतीन. आणि काच उघडली तर तुमची मिल आत येते."

"मिल काऊन येईन आत? मिल काय पायानं चालते?" गुणवंतराव हसले, आणि त्यांच्या बाजूचे चारपाच लोकही हसले. "तो रोडचा धुरळा हाये, बाई. गाड्या जाऊन राह्यल्या दिवसभर."

सत्यशीला वाद घालत बसली नाही. सकाळीच तिने आपली पांढरी ओढणी समाजमंदिराच्या मिलकडच्या खिडकीला बांधून ठेवली होती. ती सोडून आणून तिने सभेसमोर धरली. आता ती ओढणी पांढरी म्हणण्यासारखी राहिली नव्हती.

"धुरळाच हाये," गुणवंतराव म्हणाले.

"मंग चाखून पाह्य ना," मागून कमळाबाईचा आवाज आला. ती उठली, गर्दीतून वाट काढत पुढे आली, ओढणीवरून बोट फिरवलं आणि सरळ जिभेला लावलं. सगळी सभा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. कमळाबाईने डोळे मिटून चव घेतली.

"कोंडा हाये," ती म्हणाली. "वरतून भुशाची राख. मीठ टाकलं असतं तं भाकर झाली असती."

सभा अशी हसली की माइक धरणाऱ्याच्या हातून माइक सुटला. गुणवंतरावांचेही ओठ हलले, पण त्यांनी ते मिशीखाली आवरले. मग ते म्हणाले, "ठीक हाये. तुही आखणी दाखव. पण सिंह राह्यले पाह्यजेत."

सत्यशीलाची आखणी समजवायला सोपी होती, कारण त्या भागात उन्हाळ्यात घरोघरी कूलर असतो. "हा हॉल मंजे मोठा कूलर समजा," ती म्हणाली. "कूलरले आपण वाळ्याच्या ताट्या लावतो, पाणी सोडतो, पंखा हवा ओढते. इथी पंख्याच्या जागी वारा." धानाच्या दिवसांत वारा मिलकडून येतो, त्या बाजूला तिने एकाऐवजी दोन भिंती काढल्या होत्या. बाहेरची विटांची जाळीची, आतली वर झरोके असलेली. दोन्हींच्या मधल्या बोळात काथ्याच्या जाड चटया टांगायच्या, दमट ठेवायच्या, म्हणजे कोंडा त्यांना चिकटेल. जाळीच्या बाहेर करंज आणि बांबूची दाट रांग. छतावर काळा रंग दिलेलं एक उंच धुराडं, ते उन्हाने तापलं की आतली शिळी हवा आपोआप वर ओढेल. स्वयंपाकघर वेगळं, त्याला त्याचं स्वतःचं धुराडं. आणि दक्षिणेला, ऊन येईल अशी एक खोली. नर्सबाई दीपिका आठवड्याचा दवाखाना तिथे भरवेल, आणि मिल जोरात असेल तेव्हा दम्याचे म्हातारेकोतारे दिवसभर तिथे बसतील.

"दमट चटया?" कमळाबाई दचकली. "थंडीत मले कूलरमधी बसवतं काय व?"

"पिळलेल्या फडक्याएवढ्या दमट, बाई. आणि तुमच्या खोलीत ऊन."

"सगळा कोंडा जाईन?" कुणीतरी विचारलं.

"सगळा नाई जाणार," सत्यशीला म्हणाली. "पण आता सगळाच्या सगळा खाऊन राह्यलो, त्याच्यातला बराचसा बाहेर राहीन."

हे 'सगळा नाही' लोकांना पटलं. सगळा जाईल म्हणणारे गावात आधी बरेच येऊन गेले होते.

राहिला प्रश्न सिंहांचा. सत्यशीलाने त्यावर थोडं डोकं चालवलं आणि गुणवंतरावांना म्हणाली, "भाऊ, सिंह गेटवर काहाले? गेटवर त्यायले कोण पाह्यते, गाड्याच तं जातात. मिलकडच्या आतल्या भिंतीवर बसवू. तुमच्या मिलकडं तोंड करून, राखण केल्यासारखे."

गुणवंतरावांची छाती फुगली. मूल गावच्या मूर्तिकाराने सिमेंटचे सिंह घडवले. एकाचा चेहरा सिंहासारखा आला आणि दुसऱ्याचा, का कोण जाणे, थोडा गुणवंतरावांसारखा. सत्यशीलाने त्या दोघांच्या पोटातून नळी घालून चटयांच्या पन्हाळीत पाणी थेंबथेंब पडायची सोय त्यांच्या जबड्यांतून केली. सिंह बसले आणि पाणी सोडलं, तेव्हा जमलेली पोट्टी ओरडली, "सिंह लाळ गाळून राह्यला!" गुणवंतराव रुसले, पण एकच दिवस. सिंह रिकामे बसलेले नाहीत, काही काम करताहेत, यातही रुबाब आहे, असं त्यांना कुणीतरी पटवलं. बहुतेक बापूरावांनीच.

नव्या हॉलातलं पहिलं लग्न कमळाबाईच्या नातीचं, दिव्यानीचं ठरलं. आचारी होता कोलू. सावलीपासून आरमोरीपर्यंत कोलूच्या वांग्याच्या रश्श्याचं नाव होतं. धुरात उभं राहून राहून त्याचे डोळे कायम लाल असायचे, त्यामुळे ओळख नसलेला माणूस त्याला दारू प्यायलेला समजायचा, आणि तो थेंबालाही शिवत नसे. नव्या स्वयंपाकघरात त्याने चुली पेटवल्या, आणि धूर समोर उभा राहण्याऐवजी चुलीवरून पाठ फिरवून सरळ धुराड्यात शिरला. कोलू हातात झारा धरून बघतच राहिला.

"हा कुठी चालला?" त्याने विचारलं.

"बाहेर," सत्यशीला म्हणाली.

"आपल्या मनानं?"

सगळं इतकं छान चाललं होतं की सत्यशीलाने नवी साडी नेसली आणि मांडवात खुर्चीवर बसून घेतलं. इथेच चूक झाली.

लग्न लागलं. अक्षता पडल्या. पंगतीच्या पट्ट्या अंथरल्या. आणि माणसं हलेचनात. गप्पा मारत, वऱ्हाड हॉलच्या गार हवेत पाय पसरून निवांत बसलं होतं. कोलू दारातून डोकावला, आत गेला, पुन्हा डोकावला. शेवटी तो थेट सत्यशीलासमोर येऊन उभा राहिला. चेहरा रडवेला.

"बाई, माह्या जेवनाले कोणी उठून नाई राह्यलं. असं कवाच नाई झालं. फोडणी पडली का माणसं आपल्या मनानं पट्टीवर बसते. वासच नाई ना तुह्या हॉलात! अर्धं जेवन तं वासावर असते."

सत्यशीलाने नाक वर केलं. खरंच, चुन्याच्या भिंतीचा आणि मोगऱ्याचा वास येत होता. रश्श्याचा नाही. तिला हसावं का लाजावं कळेना. "वास गेला कुठी मंग?" कोलूने विचारलं.

याचं उत्तर थोड्या वेळाने रस्त्याने चालत आलं. धुराड्याने वास नीट उचलला होता, उंच नेला होता, आणि वाऱ्याने तो गावाच्या पलीकडच्या टोकाला, नव्या टोल्याच्या वस्तीवर, अलगद उतरवला होता. कमळाबाईच्या घरचं आणि नव्या टोल्याचं एका बकरीच्या चरण्यावरून कधीचं वाजलं होतं. त्यामुळे टोल्याला आवतण नव्हतं. पण सकाळपासून टोल्यावर कोलूच्या वांग्यांशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. आवतण द्यायचं राहून गेलं असेल, आपणच मोठं मन करावं, असं ठरवून सगळा टोला धुतलेले शर्ट घालून, लेकराबाळांसह हॉलच्या दारात हजर झाला. पुढे होता तो बकरीवाला मुखरूच.

कमळाबाई उठून दाराशी गेली. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"कोणं बोलावलं तुमाले?" तिने विचारलं.

मुखरूने नाक पुसलं. खोटं त्याला कधीच जमलं नव्हतं. "वांग्यानं," तो म्हणाला.

कमळाबाईला हसू फुटलं. हसताना खोकला येईल म्हणून सगळे तिच्या पाठीमागे हात धरून उभे राहिले, पण खोकला आला नाही, ती हसतच राहिली. मग बापूराव पुढे झाले आणि आयुष्यभराच्या सवयीने ओरडले, "चला, पुढं सरका, आत जागा हाये!" टोला आत आला.

अर्थात जेवण कमी पडलं. पण कोलूला आता मागे हटायचं नव्हतं. त्याने दुसरा हंडा चढवला. धूर नव्हता म्हणून टोल्यावरच्या बाया आपणहून स्वयंपाकघरात येऊन वांगी चिरायला बसल्या, आणि चिरून झाल्यावरही उठल्या नाहीत, तिथेच गप्पा मारत राहिल्या. वऱ्हाडाची सगळी मजा स्वयंपाकघरात सरकली. वाढपी ताटं घ्यायला आत जायचे ते बाहेर यायला नाखूष, आणि बाहेर वरपक्षाचे लोक विचारायचे की आत एवढं काय चाललंय. निघताना कोलू सत्यशीलाला म्हणाला, "मी लय लग्नं रांधली. पण नवरी कशी दिसते हे आज पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी सत्यशीलाने एवढाच बदल केला, की स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या भिंतीत, आचाऱ्याच्या हाताशी, एक लहानशी झाकणाची झडप बसवली. फोडणी पडली की कोलू ती उघडतो, वास आत सोडतो आणि झडप लावून टाकतो.

मग धानाचा हंगाम आला. मिल सुरू झाली. दक्षिणेच्या खोलीत म्हातारी माणसं येऊन बसू लागली. त्या खोलीचं कागदावरचं नाव आरोग्य कक्ष होतं, पण दम खायला बसायची म्हणून गावाने तिला दमखोली केलं. दीपिका नर्सबाईने तिथेच वाफ द्यायचं यंत्र ठेवलं. कमळाबाई सकाळीच निवडायची मेथी घेऊन यायची आणि उन्हाची जागा धरायची.

हंगामाच्या मध्यावर चटया धुवायच्या होत्या. सत्यशीलाने त्या उतरवून हातपंपावर नेल्या. बायांनी त्या दगडावर आपटल्या, आणि जे पाणी वाहिलं ते बघायला गाव जमलं. आधी पिवळं, मग करडं, मग काळं. नालीतून ते दाट पिठलं झाल्यासारखं सरकत होतं. कुणी विनोद केला नाही. एक बाई कडेवरच्या लेकराकडे बघत म्हणाली, "हे याच्या पोटात गेलं असतं." एवढंच.

गुणवंतराव गर्दीच्या मागे उभे होते. त्यांना वाटलं सगळे आपल्याकडेच बघताहेत. खरं तर कुणीच बघत नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त लागलं. "चटईच खराब असंन," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

त्यानंतर ते दुपारी हॉलवर देखरेखीला येऊ लागले. समितीचे अध्यक्ष म्हणून नळ्या बघायच्या, सिंहांची लाळ नीट पडते का बघायची, आणि मग जरा टेकायचं. टेकायचं ते दमखोलीत, आणि टेकलं की घोरायचं. मिलमध्ये बसून बसून त्यांचाही घसा कायम खरखरायचा, पण हे ते कबूल करत नसत.

"गुणवंता," एक दिवस कमळाबाई मेथी निवडता निवडता म्हणाली, "देखरेख मोठ्यानं चालू हाये गा तुही. मले झोप नाई येऊन राह्यली."

ते उठून बसले. आजूबाजूला पाहिलं. मग सत्यशीलाला बाहेर व्हरांड्यात बोलावून, खांबाकडे बघत म्हणाले, "बाई, मिलचं काई करता येईन काय?"

सत्यशीलाने या प्रश्नाची वाट पाहिली होती, पण तो इतक्या हळू आवाजात येईल असं तिला वाटलं नव्हतं. "मशीनचं मले कळत नाई, भाऊ," ती म्हणाली. "कोंडा ओढून गोळा करणारं यंत्र बसवणारे लोक नागपुरात हायेत, त्यायले बोलवा. पण तुमची शेड चारी बाजूनं उघडी हाये, आणि भुशाचा ढीग वाऱ्याच्या तोंडाशी. ते मी आखून देतो."

"आणि मिलमधी काम करणाऱ्या बायांसाठी एक अशी खोली?" गुणवंतराव म्हणाले. "दमखोलीसारखी. टेकाले."

ही गोष्ट सत्यशीलाच्याही डोक्यात आली नव्हती. तिने पटकन आत जाऊन कागद आणला, त्यांचं मन बदलायच्या आत.

शेड बंदिस्त झाली, भुशाला बंद खोली झाली, बायांना टेकायला खोली झाली, यंत्र बसलं. पुढच्या हंगामात चटया पुन्हा हातपंपावर आल्या. गाव पुन्हा जमलं. पोट्टी पुढे उभी राहिली. बायांनी चटया आपटल्या. पाणी जरासं पिवळं झालं आणि लगेच नितळलं. पोट्टी फार नाराज झाली. "यंदा मजा नाई आली," म्हणत निघून गेली. सत्यशीला तिथेच दगडावर बसून राहिली. आई असती तर काय म्हणाली असती, याचा ती विचार करत होती. आई म्हणाली असती, बरं झालं, आता शाळेची शेड कधी करतं? ती शेड सत्यशीलाने त्यानंतरच्या उन्हाळ्यात उतरवली. आता तिथे कोलूच्या धाटणीचं स्वयंपाकघर आहे, आणि खिचडी शिजवणाऱ्या बाया खिडकी उघडी ठेवतात.

एव्हाना चिचटोल्याची हवा बाहेर पसरली होती, दोन्ही अर्थांनी. मार्कंड्याच्या जत्रेला आलेले लोक वाकडी वाट करून हॉल बघायला यायचे. आरमोरीच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावाने सत्यशीलाला बोलावणं पाठवलं. त्यांना दवाखान्याजवळ बाळंतिणींना आणि त्यांच्या घरच्यांना उतरायला एक घर बांधायचं होतं. गुणवंतरावांनी जीप काढली. रस्ताभर ते सत्यशीलाला हवेबद्दल समजावत होते, आणि ती खिडकीतून मोहाची झाडं बघत हूं हूं म्हणत होती.

गावात पोचल्यावर त्यांनी सरपंचाला झाडाखाली बसवून सगळी विद्या सांगितली. जाळी, काथ्या, काळं धुराडं. मधूनमधून "आमी काय केलं" असं म्हणत होते. सत्यशीलाने टोकलं नाही. सांगणारा एवढा उत्साही मिळाला तर तिला घसा वाचवता येत होता. शेवटी सरपंचाने विचारलं, "पण वारा कुठून येते हे तुमाले कसं समजलं?"

"सोपं हाये!" गुणवंतरावांनी हात उगारून एक दिशा दाखवली. "तिकडून!"

"भाऊ," सत्यशीला हळूच म्हणाली, "हे गाव दुसरं हाये."

"हाव, तेच म्हणून राह्यलो," गुणवंतरावांनी हात जागच्या जागी फिरवला. "ज्या त्या गावाचा वारा वेगळा. इथल्या लोकायले विचारा."

तोवर गावातल्या बाया भोवती जमल्या होत्या. सत्यशीला मातीत मांडी घालून बसली आणि काडीने एक चौकोन काढला. मग त्याच्या कडेला दुसरा, लहान. "हा मोठा राहाले, हा लहान रांधाले," ती म्हणाली.

एका म्हाताऱ्या बाईने खाली वाकून नीट पाहिलं. मग तिने सत्यशीलाच्या हातून काडी घेतली आणि लहान चौकोन पुसून त्याच जागी एवढा मोठा काढला, की तो पहिल्याच्या पोटात घुसला.

"बाळंतिणीची आई, सासू, मावशी, सगळ्या रांधाच्या खोलीतच राह्यतात," ती म्हणाली. "झोपाले कोण जाते?"

सत्यशीलाने दोन्ही चौकोन तळव्याने पुसले, काडी परत घेतली आणि म्हणाली, "बसा. पहिलेपासून काढू."